पाच माणसांच्या घरात न्हाणीघरातले पाणी नेमके कुठे जाते आणि ते कसे कमी करावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तुमचे पाच माणसांचे घर आहे, दोन न्हाणीघरे आहेत, गरम पाणी गच्चीवरच्या सौर यंत्रणेतून येते आणि मार्च उजाडला की सोसायटीला टँकर मागवावे लागतात. आता सर्वांनी वापर कमी करायचे ठरल्यामुळे शॉवर बंद करून बादलीवर यावे का, सगळ्या नळांना एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी) बसवावेत का आणि फ्लशच्या टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवली तर चालेल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी सव्वीस वर्षे पुण्यात नळजोडणीचे काम करतो आणि गेली काही वर्षे सोसायट्यांच्या पाणीवापराची तपासणीही करतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे देतो. पण त्याआधी तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तुमच्यासारख्या घरांत सर्वांत जास्त पाणी तिथेच जाताना मी पाहिले आहे. एक म्हणजे फ्लशच्या टाकीची आवाज न करता होणारी गळती आणि दुसरी म्हणजे सौर यंत्रणेचे गरम पाणी येईपर्यंत सोडून दिलेले गार पाणी.

शहरातल्या घरासाठी दर माणशी दर दिवशी १३५ लीटर पाणी धरण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि त्यातले ४५ लीटर एकट्या फ्लशसाठी धरलेले असतात. म्हणजे तुमच्या घराचे दिवसाचे ६७५ लीटर झाले आणि त्यातला एक तृतीयांश वाटा संडासाचा झाला. दात घासताना नळ बंद ठेवा, हे आपण मुलांना सतत सांगतो आणि ते योग्यच आहे, परंतु ज्या घरात फ्लशची टाकी रात्रंदिवस झिरपते आहे, तिथे मुलांनी दिवसभरात वाचवलेले पाणी ती टाकी सकाळ होण्याआधीच घालवून बसते.

गेल्या उन्हाळ्यात कोथरूडमधल्या एका घरी मी गेलो होतो. त्या घरातल्या आजी मुलाला कित्येक महिने सांगत होत्या, की रात्री घर निजले म्हणजे संडासातून कोणी कुजबुजल्यासारखे ऐकू येते. दिवसा कोणालाच काही ऐकू येत नसे, म्हणून त्यांच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. मी फ्लशच्या टाकीत जिलबीचा केशरी रंग चिमूटभर टाकला आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नये असे सांगितले. पंधराव्या मिनिटालाच भांड्याच्या मागच्या पांढऱ्या उतारावर दोऱ्याइतकी बारीक केशरी रेघ उतरलेली दिसली. टाकीच्या तळाशी असलेले रबराचे सील काढून हातात घेतले, तर त्याच्या कडेला टँकरच्या जड पाण्यातल्या क्षारांचा खरखरीत थर जमलेला होता आणि एका जागी रबर पाव इंचभर दुमडले होते. सील बदलायला दहा मिनिटे लागली. आजींचे ऐकले असते, तर हे काम दिवाळीतच झाले असते.

ही तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. रंगाने गळती आहे की नाही एवढेच कळते. ती किती आहे, हे जाणून घ्यायचे असेल तर टाकी पूर्ण भरू द्या, तिला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा, आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण करा आणि एक तासाने पुन्हा पाहा. टाकीची आतली लांबी ३५ आणि रुंदी १५ सेंटिमीटर धरली, तर पातळी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे सुमारे अर्धा लीटर पाणी गेले. तासाला दोन सेंटिमीटर उतरत असेल तर दिवसाला २४ लीटर, आणि तासाभरात टाकी तळाला गेली असेल तर दिवसाला दीडशे ते अडीचशे लीटर पाणी तुम्ही न वापरता वाहून जात आहे. पातळी मुळीच उतरली नाही, पण अँगल कॉक उघडल्यावर भांड्यात पाणी झिरपत राहते, असे दिसले तर दोष सीलचा नसून पाणी भरणाऱ्या बॉलकॉकचा आहे. तो वेळेवर बंद होत नाही आणि जादा पाणी आतल्या उभ्या नळीवाटे भांड्यात उतरते. अशा वेळी प्लंबर सील बदलून जातो आणि गळती तशीच राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून दोष नेमका कुठला हे आधी ठरवून मगच सामान आणावे.

आजींना तो आवाज रात्रीच का ऐकू येत होता, यालाही शांततेपलीकडचे कारण आहे. दिवसा सगळी इमारत पाणी ओढत असते, त्यामुळे उभ्या पाइपातला दाब घटलेला असतो. रात्री कोणी नळ उघडत नाही, गच्चीवरच्या टाकीचा पूर्ण दाब खालच्या मजल्यांवर येतो आणि दिवसा कसाबसा धरून राहिलेला बॉलकॉक मध्यरात्रीनंतर पाझरू लागतो. त्या घरी सीलबरोबर बॉलकॉकही असाच सैल झाला होता. म्हणून रंगाची तपासणी एकदा दिवसा आणि एकदा रात्री झोपण्यापूर्वी, अशी दोन वेळा करावी, असा माझा आग्रह असतो.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लीटर पाणी गेले होते. दिवसाला दीडशे लीटर झिरपणाऱ्या साडेतीन हजारांहून कमी टाक्या एका दिवसात तेवढे पाणी गटारात सोडतात. पुण्यासारख्या शहराच्या एखाद्या उपनगरातही तेवढ्या टाक्या सहज निघतील, याची मला रोजच्या कामामुळे खात्री आहे, आणि म्हणूनच या एका सीलबद्दल मी इतके विस्ताराने लिहितो आहे.

आता गरम पाण्याकडे येतो. तुमच्या तिसऱ्या मजल्यापासून गच्चीवरच्या सौर टाकीपर्यंत उभा आणि आडवा मिळून पंचवीस ते तीस मीटर पाइप असणार. त्याचा आतला व्यास २५ मिलिमीटर असेल, तर दर मीटरला जवळजवळ अर्धा लीटर पाणी त्यात मावते. म्हणजे सकाळी पहिला नळ उघडणाऱ्याला गरम पाणी मिळण्यापूर्वी बारा ते पंधरा लीटर गार पाणी बाहेर यावे लागते, आणि पाइप स्वतः तापायला आणखी थोडे जाते. शॉवरखाली हात धरून पाणी तापण्याची वाट पाहणारा माणूस एवढे पाणी जाळीत सोडतो. दोन न्हाणीघरांत, दोन वेगळ्या वेळी असे घडले, तर केवळ वाट पाहण्यात घराचे पन्नास-साठ लीटर पाणी जाते. एवढ्या पाण्यात तिघांची बादलीने आंघोळ होते.

आपल्या जुन्या पद्धतीत हा प्रश्नच नव्हता. बंबातले कढत पाणी घंगाळात काढून त्याला विसण घातले जाई आणि गार व गरम दोन्ही पाणी अंगावरच पडे. आजही हेच करावे: गरम पाण्याचा नळ उघडताना त्याखाली बादली असावी, सुरुवातीचे गार पाणी तिच्यात साठवावे आणि मागाहून आलेल्या कढत पाण्याला तेच विसण म्हणून वापरावे. शॉवर घेणाऱ्यानेही आधी खालच्या नळातून गार पाणी बादलीत काढून घ्यावे आणि ते संडासात किंवा फरशी धुण्यास वापरावे. दुसरे म्हणजे घरातल्या आंघोळी शक्यतो एकापाठोपाठ व्हाव्यात. मध्ये तासाभराचे अंतर पडले की पाइप पुन्हा निवतो आणि पुन्हा तेवढेच पाणी सोडावे लागते. सोसायटीच्या पातळीवर गच्चीवरच्या उघड्या गरम पाइपांना फोमचे जाड आवरण घालून घेणे हे सर्वांत आधी करण्यासारखे काम आहे. त्यानंतर सकाळी साडेपाच ते नऊ या वेळेत पाइपातले पाणी फिरते ठेवणारा छोटा पंप आणि परतीचा पाइप बसवता येतो. मात्र चालू इमारतीत परतीचा पाइप टाकायला डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीत, जागा आहे का, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्याचा ठराव करू नये.

शॉवर की बादली, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या मजल्यावर अवलंबून आहे. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब पाणी किती उंचीवरून उतरते यावर ठरतो आणि साधारण दहा मीटर उंचीला एक बार (दाबाचे एकक) दाब मिळतो. तुमच्या इमारतीत मजल्याची उंची तीन मीटर आणि टाकीचा तळ गच्चीपासून दोन मीटर वर धरला, तर सातव्या मजल्यावरच्या शॉवरला जेमतेम तीन मीटरचा दाब मिळतो, तर तुमच्या तिसऱ्या मजल्याला पंधरा मीटरचा. दाब पाचपट असला तरी प्रवाह पाचपट होत नाही, तो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे सव्वादोन पट होतो. तरीही वरच्या मजल्यावर ज्या शॉवरमधून मिनिटाला पाच लीटर पाणी येते, त्याच शॉवरमधून तुमच्याकडे अकरा लीटर येणार. सातव्या मजल्यावरचा माणूस पाच मिनिटांत पंचवीस लीटरमध्ये आंघोळ उरकतो आणि दोन बादल्या घेणाऱ्यापेक्षा कमी पाणी वापरतो. तुमच्याकडे तीच आंघोळ पंचावन्न लीटरची होते. म्हणून शेजाऱ्याचा अनुभव किंवा कुठे तरी वाचलेला आकडा प्रमाण मानू नका. शॉवरखाली रिकामी बादली ठेवा, नळ रोज उघडता तेवढाच उघडा, घड्याळ लावून एक मिनिट पाणी धरा आणि मापाच्या भांड्याने मोजा.

मोजमाप आठ लीटरच्या वर गेले, तर मिनिटाला सहा-सात लीटर देणारे शॉवरचे तोंड बसवून घ्यावे आणि साबण लावताना पाणी बंद करावे. अनेकांना पाणी बंद करणे नकोसे होते, कारण पुन्हा सुरू करताना गार-गरमचा मेळ बिघडतो. त्यावर उपाय म्हणजे हातात धरायच्या शॉवरच्या मुठीवर असलेली चालू-बंद कळ. ती वापरली की मिश्रण जसेच्या तसे राहते. आंघोळ आटोपल्यावर मात्र मुख्य नळही बंद करावा, नाहीतर लवचीक नळीवर सतत दाब राहून ती फुगते. संडासाच्या जेटबाबतही हीच काळजी घ्यावी. मोठ्या तबकाएवढ्या शॉवरबद्दल आणि त्यासाठी बसवलेल्या दाबवर्धक पंपाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: टँकरवर जगणाऱ्या इमारतीत ते नसावेत. बादलीने आंघोळ करणाऱ्यांना काहीच बदलायची गरज नाही. पाऊण बादली पाण्यात, तांब्याने, स्वच्छ आंघोळ होते हे आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून ठाऊक आहे.

एरेटरचा विचार करताना एक भेद नीट समजून घ्यावा. नळ उघडा ठेवून ज्या कामात पाणी वाहते, म्हणजे हात धुणे, तोंड धुणे, दाढी करणे, त्या कामात एरेटर पाणी वाचवतो. ठरावीक माप भरायचे असते तिथे तो काहीच वाचवत नाही, कारण बादलीत वीस लीटरच जाणार, फक्त ती भरायला वेळ जास्त लागणार. म्हणून बेसिनच्या दोन्ही नळांना एरेटर बसवा, बादलीच्या नळांना नको. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने व्यापारी इमारती, मॉल, उपाहारगृहे अशा ठिकाणी एरेटर सक्तीचे केले, ते याच कारणाने योग्य होते, कारण तिथला बहुतेक वापर वाहत्या पाण्याखाली हात धुण्याचा असतो. तुमच्या मजल्यावर मिनिटाला तीन लीटरचा एरेटर बेसिनला पुरेल. सातव्या मजल्यावर तोच एरेटर लावला तर पाण्याची करंगळीएवढी धारही धड पडणार नाही आणि लोक तो चार दिवसांत काढून टाकतील.

विकत घेताना नळाचे तोंड पाहून घ्या. आटे तोंडाच्या आतल्या बाजूला असतील तर बाहेरून आटे असलेला २४ मिलिमीटरचा एरेटर लागतो, आणि आटे बाहेरच्या बाजूला असतील तर आतून आटे असलेला २२ मिलिमीटरचा. जुन्या, बिनआट्यांच्या नळाला रबरी टोपीने चिकटवायचे एरेटर मिळतात, ते मी कोणाला सुचवत नाही. जड पाण्यामुळे एरेटरची जाळी दोन-तीन महिन्यांत क्षारांनी बुजते. मग तो फिरवून काढावा, सायट्रिक अॅसिड घातलेल्या कोमट पाण्यात तासभर ठेवावा आणि जुन्या टूथब्रशने घासून परत लावावा. एरेटर येईपर्यंत बेसिनखालचा अँगल कॉक थोडा आवळून ठेवला तरी बऱ्यापैकी काम होते आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक आवळून मात्र फायदा नाही, टाकी उशिरा भरेल पण पाणी तेवढेच घेईल.

फ्लशच्या टाकीतल्या बाटलीविषयी मला जरा सावधपणे सांगायचे आहे. टाकी आणि भांडे ही जोडी असते. जुन्या दहा लीटरच्या टाकीबरोबर आलेले भांडे दहा लीटर पाण्याच्या लोटाने साफ व्हावे, अशा घडणीचे असते. त्याच्या सापळ्यात, म्हणजे खालच्या वळणदार नळीत, साधारण ५० मिलिमीटर पाणी उभे असते आणि सगळी घाण त्या वळणातून पलीकडे ढकलावी लागते. याउलट सुलभ शौचालयाच्या पद्धतीच्या भांड्याला पंचवीस ते अठ्ठावीस अंशांचा तीव्र उतार आणि सापळ्यात केवळ २० मिलिमीटर पाणी असल्यामुळे ते दीड-दोन लीटरमध्ये स्वच्छ होते. म्हणजे पाणी किती लागावे हे मुळात भांड्याचा आकार ठरवतो. त्यामुळे एक लीटरची बाटली पाण्याने भरून, झाकण घट्ट लावून, बॉलकॉकच्या हालचालीत येणार नाही अशी कोपऱ्यात उभी करा आणि आठवडाभर पाहा. एकदाच फ्लश करून भांडे साफ होत असेल तर दुसरी बाटली ठेवून पाहा. दोनदा फ्लश करावे लागू लागले, तर बाटली लगेच काढा, कारण तेव्हा तुमचा वापर वाढलेला असतो. टाकीत वीट कधीही ठेवू नका. तिचा भुगा सुटतो, सीलखाली जातो आणि वर सांगितलेली गळती सुरू होते.

टाकी जुनी असेल आणि न्हाणीघराचे काम कधी तरी काढायचेच असेल, तर तीन आणि सहा लीटरच्या दोन कळांची टाकी त्याच जोडीच्या भांड्यासह बसवणे हा सर्वांत मोठा कायमचा बदल ठरेल. हिशेब असा. माणशी दिवसाला पाच फ्लश धरले, तर दहा लीटरच्या टाकीने पाच जणांचे २५० लीटर होतात. दोन कळांच्या टाकीत एक मोठा आणि चार लहान फ्लश धरले, तर माणशी १८ म्हणजे घराचे ९० लीटर होतात. रोजचे १६० लीटर वाचले. जुन्या भांड्यावर नुसती दोन कळांची आतली यंत्रणा बसवूनही तेवढेच पाणी वाचेल असे सांगणारे विक्रेते भेटतील. तिथे लहान कळ लघवीपुरती उपयोगी पडते, मोठ्या कळेसाठी टाकीची पूर्ण दहा लीटर पातळी मात्र ठेवावीच लागते. नवे सामान घेताना भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १७६५० या मानकानुसार दिलेले तारे पाहून घ्यावेत. जास्त तारे म्हणजे पाण्याची जास्त बचत. भिंतीत बसवलेला, दाबून धरला की पाणी सोडत राहणारा फ्लश व्हॉल्व्ह तुमच्याकडे असेल, तर तो काढून टाकी बसवण्याचा विचार करा, कारण त्याला माप नसते आणि लहान मुले तो दाबून धरतात.

कपडे धुण्याचे यंत्र न्हाणीघरात असेल, तर शेवटच्या खळबळण्याचे पाणी पिंपात घेऊन ते संडासात वापरता येते. अर्धी बादली पाणी कमरेएवढ्या उंचीवरून एकदम ओतले की भांडे साफ होते. तांब्यातांब्याने ओतले तर दुप्पट पाणी जाते. हे पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत साठवू नका, त्याला वास सुटतो. आणि ते यंत्राच्या नळीने थेट फ्लशच्या टाकीला जोडण्याचा उपाय कोणी सुचवला तरी करू नका, कारण चांगल्या पाण्याच्या पाइपात ते उलटे शिरण्याचा धोका राहतो.

घरात वृद्ध माणसे, आजारी माणूस किंवा तान्हे मूल असेल, तर संडासातल्या त्यांच्या पाण्यावर कोणतेही बंधन घालू नये. गळती आणि गरम पाण्याची वाट, एवढ्यातूनच तुमच्या घरी जे वाचेल ते त्यांच्या वापरापेक्षा पुष्कळ जास्त असेल. तुमच्या इमारतीत अठ्ठावीस घरे असतील आणि प्रत्येक घराने असे अडीचशे लीटर वाचवले, तर दिवसाला सात हजार लीटर होतात, आणि टँकर दहा हजार लीटरचा असतो. सोसायटीच्या बैठकीत हा हिशेब मांडा, आणि त्याबरोबर खालच्या तीन मजल्यांच्या उभ्या पाइपावर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवण्याचा विषयही घ्या, कारण सील आणि बॉलकॉक सर्वांत लवकर तिथेच खराब होतात.

एक शेवटची सवय सांगतो. सील बदलले की मी टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने महिना आणि वर्ष लिहितो. जड पाण्याच्या इमारतीत हे रबर दोन-तीन वर्षांहून जास्त नीट टिकलेले मी क्वचित पाहिले आहे. पुढच्या वेळी झाकण उघडणारा माणूस, तो मी असो वा दुसरा कोणी, ती तारीख पाहतो आणि कुजबुज ऐकू येण्याची वाट न पाहता रबर बदलून टाकतो.